वास लागेपर्यंत

घरामागच्या रताळ्यांत रानडुकरं शिरू लागली, म्हणून रुखमाबाईंनी वाफ्याभोवती जुन्या लुगड्यांचं कुंपण बांधायला घेतलं. एक बाजू उघडी राहिली. सून पायल पेटीतल्या रंगीत साड्या घेऊन आली. कपाशी फवारताना विषबाधेनं नवरा गेला, तेव्हापासून तिनं त्या काढल्याच नव्हत्या. "ह्या बांधा, आत्याबाई. मले आता कायले लागतात?" रुखमाबाईंनी हिरवी साडी नाकाशी धरली. "डुक्कर रंगाले नाही भेत, पोरी, माणसाच्या वासाले भेते. हिले नुसता डांबरगोळ्यायचा वास येते. आधी नेस. वास लागला का मंग बांधू." उघड्या बाजूला त्यांनी स्वतःचं लुगडं लावलं. पायल हिरवी नेसली. आठवड्यानं सासूनं पदर हुंगला. "नाही लागला." मग पिवळी, मग जांभळी. रताळी निघाली, उकडली. "आता तरी बांधू?" पायलनं हसून विचारलं. सासूनं पदर हुंगला. "नाही लागला अजून."