रुमालाखालचं बोट

"बा म्हनते तसं."

उकंडाने तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं आणि वामनराव मास्तरांनी टाक खाली ठेवला. अकोल्याच्या नव्या इंग्रजी शाळेत मुलाचं नाव घालण्याआधी घरच्यांशी बोलायचं काम त्यांच्याकडे होतं. नुसतं नाव लिहून घेतलं असतं तरी कोणी जाब विचारला नसता. पण मास्तर आधी मुलाला विचारायचे. हा त्यांचा हट्ट होता, आणि चांगला हट्ट होता.

"जानराव, ही शाळा सोपी नाही," ते मुलाच्या बापाला म्हणाले. "मुलांनी इथेच राहायचं, सहा महिन्यांनी सगळं इंग्रजीतून. पहाटे उठून पाठांतर. निम्मी मुलं वर्षाच्या आत परत जातात, आणि परत गेलेलं मूल घरातही नीट रमत नाही. तुमचा उकंडा वाचतो छान. पण त्याला यायचंय का, एवढंच मला कळत नाही."

"त्याले काय इचारता? मी सांगून राहिलो ना!"

दूर अमेरिकेत कुठेशी लढाई जुंपली, तेव्हापासून वऱ्हाडच्या कापसाचं नशीब उघडलं होतं, आणि मूर्तिजापूरकडच्या या शेतकऱ्याचा आवाजही चढला होता. पोरगं इंग्रजी शिकून कचेरीत बसणार, हे जानरावांनी पाटलापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं होतं. आता मागे फिरायचं म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय नाही.

"लिवा नाव," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पोराईले घरी कवा सोडता?"

"दिवाळीला."

"अन् त्याच्या आधी?"

"आधी नाही." हे मास्तरांनी मघाशीही सांगितलं होतं.

जानरावांनी मुलाच्या अंगरख्याची गाठ उगाचच सोडली आणि पुन्हा बांधली.

दाराशी पदर पुढे ओढून मुलाची आई, पार्बताबाई, बसली होती. तिची पहिली तीन मुलं पाळण्यातच गेली. चौथं तरी जगावं म्हणून जन्मल्याबरोबर त्याला उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर ठेवलं आणि परक्याचं म्हणून घरात उचलून आणलं. तोच हा उकंडा. शाळेत जायचा दिवस ठरला तेव्हापासून, दोन दिवस, त्याने भाकरीचा तुकडा तोंडात घातला नव्हता. नवऱ्यासमोर बोलायची तिची सवय नव्हती, पण आता तिला राहवेना.

"मास्तर, बापाच्या तोंडावर तो नाई कसा म्हनन?"

जानराव झटक्यात तिच्याकडे वळले. पण रागवायचं राहूनच गेलं.

मास्तरांची नजर जानरावांच्या खांद्यावरच्या रुमालावर गेली. कापसाच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत, हे त्यांनी जाता-येता पाहिलं होतं. दोघं रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबतात, आणि शेजारी उभ्या माणसालाही आकडा कळत नाही.

"जानराव, रुमालाखाली कधी खोटा आकडा दिलात?"

"भलतंच काय बोलता, मास्तर! खोटं बोट दाबनाऱ्याले बाजारात कोनी उभं करत नाई."

"मग इथेही तसंच विचारा. मनापासून यायचं असेल तर पाच बोटं, नसेल तर एक. मी बघणार नाही. तुम्ही सांगाल तेच खरं."

हा पुण्याकडचा मानूस जरा येडाच दिसते, असं पुटपुटत जानरावांनी रुमाल काढला. बापलेकांचे हात त्याखाली गेले. उकंडाचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. पार्बताबाईने डोळे मिटून घेतले. बाहेर कडुनिंबाखाली बैलाने मान हलवली, घुंगरू वाजलं.

एकदम उकंडाने दचकून वर पाहिलं. जानराव भिंतीकडे बघत होते. बराच वेळ रुमाल हलला नाही. मग जानरावांनी तो ओढून घेतला आणि त्यानेच नाक पुसलं.

"नाव नका लिवू, मास्तर. एकावर ठरलं."

मास्तरांनी वही मिटली. त्यांनाही बरं वाटलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. "घेऊन जा त्याला. गावच्या शाळेत शिकू द्या. पुढे त्याचं मन झालं तर शाळा काही पळून जात नाही."

गाडी मोर्णा नदी ओलांडून गावाकडे लागली तसा उकंडा म्हणाला, "माय, भाकर दे." दोन भाकरी त्याने चटणीशी बसल्या बैठकीला संपवल्या. पार्बताबाई बघतच राहिली. दोन दिवसांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास आला होता. फक्त नवऱ्याची पाठ तिला छळत होती. जानराव पुढे बसून गाडी हाकत होते आणि अकोला सोडल्यापासून एकदाही मागे वळले नव्हते.

ती मुलाच्या कानाशी लागली. "तुनं नाई म्हटलं, तरी बा रागावला नाई. याद ठेवजो."

उकंडा चटणीची बोटं चाटायचा थांबला.

"मी कुठं म्हटलं, माय? मी तं भेवानं पाच बोटंच दाबनार होतो. पन ज्याचा रुमाल, पयला आकडा त्याचा. बाजाराची रीत हाये. मास्तरले ते काय माईत!"

पुढे जानरावांनी बैलांना उगाचच हाक घातली.

"मी दाबाच्या आधी बानंच मले एक बोट दाबलं. मंग मीबी एक दाबलं. अन् मंग बा माहा हातच सोडेना."