गिनांसाहेबांची भेट

नुमाने दारूच्या नशेत बायकोचा, एर्मिनचा, हात मोडला, तेव्हा आमच्या कुव्हे गावात ॲबसिंथ या जहाल हिरव्या दारूवर बंदी आणायची मोहीम जोरात होती. मोहिमेचे पुढारी गिनांसाहेब, तळ्याकाठच्या मोठ्या द्राक्षमळ्यांचे मालक, तातडीने एर्मिनच्या घरी धावले.

"साहेब, त्याने दिवसभर वाईनच ढोसली होती," एर्मिन म्हणाली. "ॲबसिंथचा एकच ग्लास घेतला, तोही शेवटी."

"मग तोच तो ग्लास, बाई! ती हिरवी चेटकीण माणसाचं डोकं फिरवते. वाईनचं काय, ती चर्चमध्ये प्रभूच्या मेजावरही असते."

सभेत त्यांनी एर्मिनला मंचावर बसवलं, तिचा गळ्यात बांधलेला हात लोकांना दाखवला आणि ते त्या एका ग्लासवर घसा फुटेस्तोवर बोलले. तिला मात्र तोंड उघडू दिलं नाही. बायका रडल्या, पुरुषांनी बंदीच्या बाजूने मतं दिली, देशभर बंदी आली. गावातल्या ॲबसिंथच्या भट्ट्या मुकाट्याने तळघरात गेल्या.

बंदी लागू झाली त्या दिवशी गिनांसाहेब घोडागाडीतून एर्मिनकडे आले. "आता निर्धास्त राहा," म्हणत त्यांनी आपल्या मळ्यातल्या वाईनचं अख्खं पिंप तिच्या दारात उतरवलं. "नुमाला सांगा, शुद्ध द्राक्षांची आहे. हवी तेवढी पी म्हणावं!"



गाडी वळणाआड जाताच एर्मिनने मुलांना कोट चढवले आणि त्यांना घेऊन ती आईच्या घराकडे चालू लागली.