चांदणीची पोल्का

सर्कसच्या रिंगणात शिरताच चांदणी थबकली ती थबकलीच. पाठीवरच्या अनसूयेने थोपटलं, टाच मारली, पण घोडी ढिम्म. नव्या बँडमास्तरांनी सिनेमाचं गाणं धरलं होतं.

"मास्तर, तिची नेहमीची पोल्काची धून वाजवा ना!" अनसूया ओरडली.

"बाई, घोडीला कसलं आलंय गाणं!"

प्रेक्षक शिट्ट्या मारू लागले. पडद्याआडून मालक गरजले, "आत आणा! उद्याच विकतो तिला."

एवढ्यात बँडमधल्या म्हाताऱ्या पास्कोलकाकांनी कोणालाही न विचारता आपलं पितळी कॉर्नेट ओठांना लावून फुंकलं. आजोबांच्याही आजोबांच्या काळातली ती विलायती नाचाची धून, टुणटुण उड्या मारणारी, पोरींसारखी खिदळणारी! चांदणीने कान टवकारले. ढोल आला, झांजा आल्या आणि तिने दौड धरली. अनसूया तिच्या पाठीवर ताठ उभी राहिली. मधेच धून श्वास रोखून थांबली, तशी चांदणीही जागच्या जागी थांबली. मग झांजा कडाडल्या आणि घोडी रिंगणातला भुसा उडवत सुटली!

टाळ्या थांबेनात. मालक हसत बँडपाशी आले.

"मास्तर, उद्यापासून घोडीला विचारून वाजवत जा!"