सर्जेरावची केस

धायरीच्या घरात पाऊल टाकल्या टाकल्या शेफाली म्हणाली, "आजी, आज कॉलेजात पप्पांची केस शिकवली."

सोजरबाईच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. रंगाच्या कारखान्यात टाकी धुवायला उतरलेला तिचा सर्जेराव वर आलाच नव्हता, त्याला पंधरा वर्षं झाली होती. "मेलेल्याचाबी धडा करतात व्हय गं तुमचे एमबीएचे मास्तर? काय शिकवलं?"

"जबाबदार व्यवस्थापन असा विषय आहे. सर म्हणाले, कंपनीनं मास्क दिलेच नव्हते. पण 'मास्क दिला होता, त्यानंच लावला नाही' अशा कागदावर त्याच्या अडाणी आईचा अंगठा घेतला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून फसवलं. सगळा वर्ग हळहळला."

"मग बरोबरच शिकवलं की. अडाणीच व्हती ती."

"आजी, तू चौथी शिकलीयस. रोज पेपर वाचतेस, सही करतेस."

गल्लीत जिच्या तोंडाला कुणी लागत नसे, त्या सोजरबाईनं मान खाली घालून जुडी निवडायला घेतली. ती म्हणाली, "तू सात वर्षांची व्हतीस. कंपनीचा सायेब म्हनाला, सही करा, पोरीला हवं तितकं शिकवू."

"म्हणजे काय लिहिलंय ते तुला माहीत होतं?"

"दोनदा वाचलं. पेनबी घेतला व्हता हातात. पर पोराला खोटं पाडणाऱ्या कागदावर त्याच्या आईचं नाव लिहवंना, म्हणून अंगठा दिला."