बेचाळीस पावलं

"इथं खड्डा असता तर तो मला ठाऊक नसता का?" काठीनं वाळकी पानं उडवत बोगुमिल मास्तर म्हणाले. "साठ वर्षं चालतोय या वाटेनं."

एस्तेरा झिल्बर त्यांच्या मागून मुकाट चालत होती. वॉर्साहून आलेली ही बाई जागेची खूण करायच्या लाल झेंड्यांची पिशवी खांद्याला अडकवून सकाळपासून लिपीना गावात दारोदार हिंडली होती. युद्धात जर्मनांनी गावातल्या तीनशे चाळीस ज्यूंना या जंगलात आणून गोळ्या घातल्या. त्यांत तिच्या आजीच्या दोन बहिणी होत्या. एवढं तिला माहीत होतं, नेमकी जागा माहीत नव्हती. सोमवारी रस्ता रुंद करायला यंत्रं येणार होती. जागा सापडली तर रस्ता वळणार होता, नाहीतर सरळ जाणार होता. गाव म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणी तिला थंडीबद्दल सांगितलं, कुणी बटाट्यांबद्दल, आणि शेवटी सगळ्यांनी मास्तरांच्या घराकडे बोट दाखवलं.

मास्तर भूगोलाचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक पुस्तिका लिहून छापली होती. लिपीनात कुणालाच मारलं नाही, ज्यू मंडळी बोचकी बांधून आपणहून पूर्वेकडे निघून गेली आणि पुढे कुठंतरी सुखानं नांदली, असं त्यांनी त्यात सिद्ध केलं होतं. जर्मनांचे कागद, जिवंत वाचलेल्यांच्या साक्षी, खटल्यातले कबुलीजबाब, सगळं त्यांच्या लेखी बनावट होतं. त्यातलं एक पानही त्यांनी उघडून पाहिलं नव्हतं. पाहायचं काय त्यात? वडिलांनी सांगितलं होतं, आणि वडील जन्मात खोटं बोलले नव्हते. गोळ्या घातल्या त्या दिवशी खड्डा खणायला गावातल्या बारा पुरुषांना फावडी घेऊन बोलावलं होतं आणि त्यांत मास्तरांचे वडील होते, असं कुणीतरी एका साक्षीत लिहून ठेवलं होतं. मास्तरांना तेवढं एक वाक्य सोसत नव्हतं. बाप खरा ठरायचा तर तीनशे चाळीस माणसं जिवंत असायला हवी होती. मास्तरांनी ती जिवंत ठेवली.

"साधं गणित आहे, बाई," ते चालता चालता समजावू लागले. इतकी माणसं पुरायची तर निदान चाळीस पावलांचा खड्डा लागेल. जंगलातलं झाड न् झाड आपल्याला पाठ आहे. एवढी जागा कुणी दाखवावी, त्याच दिवशी पुस्तिका चुलीत घालतो. हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगत. तिलाही सांगत होते, आणि वाटेतला वीज पडलेला ओक आला तेव्हा वाक्याच्या मध्येच गप्प झाले.

एस्तेराला वाटलं, दम लागला असेल. पण ते चालतच होते. वारा पडला होता. गावापासून इथपर्यंत लोकांनी अळंबी खुडून जंगल साफ केलं होतं, आणि इथं मात्र वाटेच्या कडेला मुठीएवढी, तपकिरी टोप्यांची अळंबी दाटीनं उभी होती. ती एक खुडायला वाकली.

"तिथली घेत नाहीत," टोपी हातात धरून मास्तर हलक्या आवाजात म्हणाले. का, ते त्यांनी सांगितलं नाही. ओहोळाशी पोचल्यावर त्यांनी टोपी घातली आणि वाक्य जिथं तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू केलं, अगदी त्याच शब्दापासून.

ओहोळापलीकडून दोन भाऊ सायकली दामटत आले. कालच्या फुटबॉलच्या सामन्यावरून त्यांची चांगलीच जुंपली होती. ओहोळ ओलांडताच दोघं गप्प झाले, सायकलींवरून उतरले आणि टोप्या काढून चालू लागले. ओकापाशी त्यांनी टोप्या घातल्या, सायकलींवर टांग टाकली, आणि "तुझा तो गोलकीपर आंधळा आहे" हे वाक्य जंगलात लांबपर्यंत ऐकू येत राहिलं. एस्तेरा मास्तरांकडे वळली.

"मास्तर, तुम्ही मघाशी टोपी का काढली होती?"

"मी?" त्यांनी डोक्याला हात लावला. टोपी डोक्यावरच होती. "कधी?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. तिनं विचारलं, इथं क्रूस आहे का, मेरीमातेची मूर्ती आहे का, कुणाचं थडगं आहे का. यातलं काही नव्हतं. सवय असेल, ते म्हणाले. वडील काढायचे. गावातले सगळेच काढतात.

ती मागे ओकापाशी गेली आणि तिथं तिनं एक लाल झेंडा रोवला. मग एकेक पाऊल मोठ्यानं मोजत ओहोळाकडे येऊ लागली. मास्तरांना वाटलं, तिला थांबवावं, हसावं, काहीतरी शहाणपणाचं बोलावं. पण ती मोजतच होती. छत्तीस. सदतीस. चाळीस झाली तरी ती थांबली नाही. बेचाळिसाव्या पावलाला ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिनं दुसरा झेंडा रोवला.

मास्तरांनी सावकाश टोपी काढली. या वेळी त्यांना कळत होतं की आपण ती काढतोय. त्यांना आठवलं, ते सात वर्षांचे होते. सकाळची वेळ, ओकाचं झाड, खांद्यावर वडिलांचा जड हात. ती सकाळ इतक्या वर्षांत एकदाही आठवली नव्हती. इथं काय झालं होतं, असं त्यांनी विचारलं होतं, आणि जन्मात खोटं न बोललेले वडील म्हणाले होते,

"इथं काही झालं नाही. टोपी काढ."