राळेचा आवाज

"वर्तमानपत्रात नाही, म्हणून पुस्तकातही घेता येत नाही," स्तेलान ओशाळून गुनवोरला म्हणाला. त्यांच्या स्वीडिश गावातल्या हँडबॉल क्लबचा इतिहास तो लिहीत होता. पन्नास वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात गोलरक्षक गुनवोरने घाम डोळ्यांत गेल्यावर, डोळे मिटूनच शेवटची फेक अडवली, असं अख्खं गाव सांगे. पुरावा मात्र नव्हता.

"म्हणजे मी मेल्यावर ती थाप ठरणार! चल पुस्तकी किड्या, मला गोलात उभी कर."

गुनवोर आता ऐंशीची होती आणि पूर्ण आंधळी. क्लबमध्ये सरावाला आलेल्या मुलींनी तिला हात धरून गोलात उभं केलं. कप्तान मुलीने पकडीसाठी बोटांना राळ चोळली आणि चेंडू हळूच फेकला.

"आजी समजून फेकू नकोस गं!"

कप्तान चिडली. तिने उंच उडी घेतली. चिकट बोटांतून चेंडू सुटताना बारीक चर्र झालं, त्याच क्षणी गुनवोरचा डावा हात वर गेला. चेंडू तळव्यावर आदळून खाली पडला.

"राळ सांगते," हात झटकत ती म्हणाली, "कुठून सुटला ते."

स्तेलानने वही उघडली. तो तिच्यापुढे जमिनीवरच बसला.

"गुनवोर, पहिल्या सामन्यापासून सांग."