जिवंत ठेवलेलं

विद्यापीठाच्या शंभर वर्षांच्या प्रदर्शनात भिंतभर फोटो होते. पहिली इमारत, पहिले कुलगुरू, जुनी दुर्बीण. शिंपी थेट शेवटच्या फलकाशी गेला. कॅन्सरवरच्या औषधाचा फलक. विद्यापीठाने ते औषध ज्या पेशींवर तपासलं, त्या त्याच्या बायकोच्या होत्या. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"फलक राहू द्या," तो सोबतच्या संशोधक मुलीला म्हणाला. "तिचं काहीतरी अजून जिवंत आहे म्हणालात ना, ते दाखवा."

प्रयोगशाळेत तिने एका उबदार कपाटातून चपटी बाटली काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. आत थोडंसं गुलाबी पाणी. शिंप्याने शर्टाची कॉलर सारखी केली आणि वाकून डोळा लावला.

"हलत नाहीत."

"हलतात काका, सावकाश. फार हट्टी आहेत. एक दिवसाआड खायला लागतं. साखरपुड्याच्या सकाळीही मी आधी इथे येऊन गेले. सासूबाई म्हणाल्या, हिच्या पदरात आधीच एक पोर दिसतंय!"

शिंपी हसला. "तीही तशीच. एकदा हट्टाला पेटली की देवाचंही ऐकायची नाही." तो पुन्हा वाकला. "हे तिचं कुठलं? हाताचं?"

मुलगी घुटमळली. "नाही काका. हाताच्या पेशी इतकी वर्षं टिकत नाहीत. ह्या... गाठीच्या आहेत. घशातल्या."

त्याने डोळा बाजूला घेतला.

"म्हणजे ती नव्हे. तिचा आजार."

"पण ह्यांच्यामुळे औषध निघालं. कितीतरी माणसं बरी होऊन घरी गेली."

"जाऊ देत. चांगलंच आहे." त्याने बाटली उचलली. अंगाइतकी कोमट होती. "खायला नाही घातलं तर?"

"आठवडाभरात मरतील."

तो बाटली धरून उभा राहिला. मुलीने आपले दोन्ही हात बाटलीखाली धरले. बऱ्याच वेळाने त्याने ती त्या हातांत ठेवली.

मुलीने काचेआड बसून जुनं पाणी काढलं, ताजं घालायला घेतलं.

"काय काय असतं ह्यात?"

"साखर, मीठ, जीवनसत्त्वं."

"शेवटी तिला चमचाभर पाणी गिळवत नव्हतं," शिंपी म्हणाला, आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत बघत राहिला.